कॅलगरी ते टुकटोयाकटुक व्हॅनने: बाबांना घेऊन डेम्पस्टर करावा का?

इंदूरी_चाक
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदाच स्वतः धागा काढतोय. माझी बहीण कॅनडात कॅलगरीला असते, पुढच्या जूनमध्ये आम्ही पाच जण (मी, बायको, आठवीतली मुलगी, आई आणि बाबा) तिच्याकडे चाललोय आणि तिथून व्हॅन भाड्याने घेऊन उत्तरेला जायचं चाललंय. कॅलगरीहून एडमंटन, डॉसन क्रीक, मग पूर्ण अलास्का हायवे धरून व्हाइटहॉर्स, तिथून डॉसन सिटी आणि शेवटी डेम्पस्टर हायवेने इनुविक आणि टुकटोयाकटुक, म्हणजे थेट आर्क्टिक समुद्र. हातात दिवस २१. मी इंदूरहून स्पितीला माझी ईको घेऊन दोनदा जाऊन आलोय त्यामुळे कच्च्या रस्त्याची भीती नाही, भाऊजीही चालवतील.

प्रश्न डेम्पस्टरचा आहे. बहीण म्हणते सत्तरीच्या माणसाला तिकडे नेऊ नका, सातशे किलोमीटर खडीचा रस्ता, ना फोन ना दवाखाना. आणि बाबांना तोच रस्ता बघायचाय. बाबा मध्य प्रदेशच्या पीडब्ल्यूडीत इंजिनिअर होते, सगळी नोकरी माळव्याच्या काळ्या मातीवर रस्ते बांधण्यात गेली. बर्फ झालेल्या जमिनीवर रस्ता कसा टिकवतात हे त्यांना डोळ्यांनी बघायचंय, समुद्राचं काही विशेष नाही त्यांना. कोणी गेलंय का? करावा का सोडावा?

निळा_स्वेटर
वाचूनच अंगावर काटा आला. जाऊन या आणि फोटो टाका.

मांडवीकर
बडोद्याहून. आम्ही २०१९ ला अलास्का हायवे केला, डेम्पस्टर नाही केला, त्यामुळे अर्ध्यावरचंच सांगू शकतो. पहिली गोष्ट, तुमचा हिशेब परत करा. कॅलगरी ते डॉसन क्रीक जवळजवळ नऊशे, तिथून व्हाइटहॉर्स चौदाशेच्या वर, पुढे डॉसन सिटी पाचशे तीसच्या आसपास, मग इनुविक पावणेआठशे आणि टुक (टुकटोयाकटुक) अजून दीडशे. एका बाजूचे पावणेचार हजार किलोमीटर झाले, म्हणजे तुमचं इंदूर ते लेह दोनदा, आणि तेवढंच परत यायचं. २१ दिवसांत रोज साडेतीनशे, एकही सुट्टी न घेता. डांबरी रस्त्यावर ते काही वाटत नाही पण आई-बाबा मागे बसलेले असताना रोज उठायचं, गादी गुंडाळायची, चहा करायचा, निघायचं, संध्याकाळी परत तेच, दहाव्या दिवशी माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात, आमच्याकडे झालं होतं.

दुसरी गोष्ट भाड्याच्या व्हॅनची. करार नीट वाचा, बहुतेक ठिकाणी खडीच्या रस्त्यावर न्यायला मनाई असते आणि डेम्पस्टरचं तर नाव घालून मनाई असते. आम्ही डेम्पस्टरवर गेलोच नव्हतो तरी समोरच्या काचेला खडा लागून चीर गेली, तर ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांनी डिपॉझिटमधून भली मोठी रक्कम कापली, काच विम्यात नाही म्हणून. पान सातवर बारीक अक्षरात होतं. तुम्ही ते पान सात आधी वाचा.

टायरवाला_भिया
भिया, स्पितीचं आणि याचं जमणार नाही हां. स्पितीत गोल धोंडे असतात, डेम्पस्टरची खडी पाटीच्या दगडासारखी चपटी आणि धारदार असते, टायर पंक्चर होत नाही, कापला जातो, आणि कापलेल्याला पॅच लागत नाही. व्हॅनला येतो तो पातळ स्टेपनी टायर तिकडे काही कामाचा नाही. पूर्ण मापाच्या दोन स्टेपन्या, टायर ट्रकवाले जाड थरांचे, छोटा कंप्रेसर, आणि हवा थोडी कमी ठेवून साठच्या स्पीडने. समोरून ट्रक आला की एका बाजूला घेऊन हळू व्हायचं, दगड उडतात.

घरकोंबडा
माझा साधा प्रश्न. बर्फाच्या जमिनीवरचा रस्ताच बघायचा तर लडाख आहे ना? मनाली-लेह करा, दहा दिवसांत घरी. एवढा पैसा, एवढं लांब, वय सत्तर. उगाच नाही विचारत, माझ्या वडिलांना मी लडाखला नेलं होतं आणि ते आजही तेच सांगत असतात सगळ्यांना.

लष्करवाले
ग्वाल्हेर. नोकरीत असताना तीन वर्षं लेहमध्ये काढली आहेत म्हणून लिहितो. घरकोंबडा, तुमचं चुकीचं नाही पण दोन्ही गोष्टी वेगळ्या. लडाखात त्रास उंचीचा. बारालाचा जवळजवळ ४,९०० मीटर, सत्तरीच्या माणसाला तिथे श्वासाचा प्रश्न आधी येतो. युकॉन म्हणजे कॅनडाच्या त्या उत्तरेकडच्या प्रदेशातला रस्ता उंचीला किरकोळ आहे, तिथे फुफ्फुसाला धोका नाही, धोका अंतराचा आहे. मदत लांब. त्यामुळे काकांचं हृदय आणि बीपी ठीक असेल तर एका परीने त्यांना लडाखपेक्षा तेच झेपेल असं माझं मत.

पण एक नियम घाला. रोज सकाळी निघतानाच ठरवायचं की अमुक वाजेपर्यंत अमुक ठिकाणी नाही पोचलो तर परत फिरायचं, आणि ती वेळ झाली की वाद नाही. पहाडात जेवढे अपघात बघितले त्यातले निम्मे 'आता एवढे आलोच आहोत तर' याच वाक्यापाशी झालेले.

रामबागेची_लेक
मी मूळची इंदूरची, रामबागेतली, आता सोळा वर्षं एडमंटनला. डेम्पस्टर दोनदा केलाय, एकदा जूनमध्ये आणि एकदा ऑगस्टच्या शेवटी, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

रस्ता डॉसन सिटीच्या चाळीसेक किलोमीटर अलीकडे क्लोंडाइक हायवेपासून फुटतो. तिथे पेट्रोल भरायचं म्हणजे भरायचंच, कारण पुढचा पंप ईगल प्लेन्सला, ३७० किलोमीटरवर. तिथे एक हॉटेल, एक पंप, टायरचं काम करणारा माणूस, बाकी सगळीकडे नुसता डोंगर. त्यानंतर फोर्ट मॅकफर्सन, मग इनुविक. सत्तराव्या किलोमीटरच्या आसपास टूमस्टोनचं माहिती केंद्र लागतं, तिथे थांबाच, काळे सुळक्यासारखे डोंगर आहेत. ४०५ व्या किलोमीटरला आर्क्टिक वृत्ताची पाटी. दोन नद्या होडीने ओलांडायच्या, पील आणि मॅकेंझी, गाडीसकट, फुकट. नदीवर पूल नाहीत, हिवाळ्यात नदी गोठली की बर्फावरूनच गाड्या जातात आणि मधल्या काळात, बर्फ फुटताना किंवा धरताना, काही आठवडे रस्ता तुटलेलाच असतो. होड्या साधारण जूनच्या सुरुवातीला चालू होतात पण बर्फ उशिरा फुटला तर उशिरा. म्हणून १ जूनला तिकडे पोचायचं ठरवू नका, किमान १५ जून धरा.

कोरडं असताना रस्ता खरंच छान असतो, सत्तरच्या स्पीडने सहज जातो. पाऊस आला की तोच रस्ता साबणासारखा होतो. धूळ बसावी म्हणून त्यावर कॅल्शियम क्लोराइड मारतात, ते चिखलासोबत गाडीला असं चिकटतं की इनुविकला पोचल्यावर गाडी कुठल्या रंगाची होती ते आठवावं लागतं. लगेच धुवा, नाहीतर लोखंड खातं.

आता काकांच्या प्रश्नाचं. मी इंजिनिअर नाही पण त्या रस्त्याबद्दल तिथे वाचलेलं लक्षात राहिलं. जमीन खाली कायम गोठलेली, वरची झाडं-माती खरवडून डांबर घातलं तर ऊन शोषून खालचा बर्फ वितळेल आणि रस्ता खाली बसेल. म्हणून जमिनीला हातच लावलेला नाही, तिच्यावर खडीची गादी घातलीय, चार ते आठ फूट जाड. रस्ता त्या गादीवर. काम १९५९ ला सुरू झालं आणि रस्ता १९७९ ला खुला झाला, वीस वर्षं लागली.

इंदूरी_चाक
रामबागेची_लेक, शतशः आभार. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. चार ते आठ फूट ऐकल्यावर चष्मा काढून बसले, म्हणाले परत वाच. त्यांचं म्हणणं असं की काळ्या मातीतही हेच, फक्त उलटं. आपली माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून ती वरची काढून मुरूम भरायचा आणि बाजूने नाली काढून पाणी लांब ठेवायचं. "आम्ही पाणी अडवायचो, ते ऊब अडवतात," असं म्हणाले.

मांडवीकर, करार मागवलाय. पान सातच नव्हे, पान नऊवरही डेम्पस्टरला मनाई आहे. तेव्हा ही गाडी बाद.

आनंदी_आजी
बडोद्याहून मी पण. माझं वय ७३, गुडघे बदललेले, तरी मुलाबरोबर चार वर्षांपूर्वी अलास्का हायवेवर गेले होते म्हणून आईंसाठी लिहिते कारण सगळे बाबांचंच बोलतायत. एक, व्हॅनमध्ये चढायला छोटं स्टूल घ्या, दिवसातून वीस वेळा चढ-उतार असते, गुडघा त्यानेच जातो, प्रवासाने नाही. दोन, लिअर्ड नदीचे गरम पाण्याचे कुंड चुकवू नका, जंगलातून लाकडी पायवाटेने चालत जायचं आणि मग गुडघाभर-गळ्याभर गरम पाणी, माझ्या पायांना जे सुख मिळालं ते मी आजही विसरले नाही. तीन, खायला खाखरे, थेपले, भाखरवडी, कोरडं सगळं चालतं, पण विमानतळावर फॉर्ममध्ये लिहायचं, लपवायचं नाही. ताजी फळं-भाज्या नेऊ नका.

इंदूरी_चाक
आजी, आईने तुमचं स्टूल लगेच लिहून घेतलं. आणि तिचा एक प्रश्न आहे, हसू नका कोणी. ती रोज संध्याकाळी दिवा लावते. जूनमध्ये तिकडे सूर्य मावळतच नाही म्हणे. मग दिवेलागण कधी करायची?

आनंदी_आजी
यात हसण्यासारखं काय. घड्याळात सात वाजले की दिवा. मी तेच केलं. फक्त व्हॅनमध्ये गॅस असतो म्हणून आत वात नको, बॅटरीचा दिवा लावायचा, शुभंकरोती म्हणायचं आणि नमस्कार करायचा. देवाला चालतं.

रामबागेची_लेक
इनुविकला पन्नासहून जास्त दिवस सूर्य मावळत नाही, म्हणून आजींचा घड्याळाचा उपाय बरोबर. त्याच कारणाने खिडक्यांना काळं जाड कापड लागेल, नाहीतर रात्री दोन वाजता मुलगी खेळायला बाहेर असेल. आणि डास! कोणी अजून डासांचं बोललं नाही. जूनच्या अखेरीस टुंड्रात डासांचे ढग असतात, डोक्यावर घालायची जाळी प्रत्येकाला एक, हे सोडू नका.

टायरवाला_भिया
जाळी घालून पोहे कसे खायचे? :)

रामबागेची_लेक
गाडीत बसून, दारं लावून. पोह्यांवरचा जीरावण मसाला विसरू नका फक्त, ते इथे मिळत नाही आणि माझ्यासाठी पण एक डबी आणा. अस्वलांमुळेही खाणं गाडीतच ठेवायचं, बाहेर मांडून ठेवायचं नाही. अस्वलांचा स्प्रे विमानातून नेता येत नाही, इथे येऊन घ्या आणि तो बॅगेत नाही, हाताशी.

घरकोंबडा
ऑगस्टचं काय? मघाशी दोनदा गेले म्हणालात. ऑगस्ट बरा वाटतो मला, डास कमी.

रामबागेची_लेक
मला विचाराल तर ऑगस्टचा शेवट सगळ्यात सुंदर. पूर्ण टुंड्रा लाल-जांभळा, डास जवळजवळ गेलेले, रात्र परत आलेली त्यामुळे आकाश मोकळं असेल तर उत्तरेचे दिवेही (नॉर्दर्न लाइट्स) दिसतात. पण मुलीची शाळा असेल, आणि उन्हाळाअखेरीस जंगलाला आग लागली की धुरामुळे रस्ते बंदही होतात. जूनमध्ये वणवे नसतातच असं नाही हो.

इंदूरी_चाक
ऑगस्टमध्ये मुलीची परीक्षा, त्यामुळे जूनच. १५ जूननंतर निघतो.

लष्करवाले
आता मुख्य गोष्ट. गाडी बाद झाली, दिवस २१, तारीख १५ जूननंतर. माझं म्हणणं, कॅलगरीहून चालवतच कशाला जाता? विमानाने व्हाइटहॉर्सला जा आणि तिथे डेम्पस्टरला परवानगी देणारी गाडी घ्या, व्हाइटहॉर्समध्ये त्यासाठीच ट्रकवर बांधलेल्या कॅम्पर, म्हणजे मागे राहायची सोय असलेल्या गाड्या, मिळतात असं वाचलंय. साडेचार हजार किलोमीटर वाचले, तेवढे दिवस काकांच्या रस्त्याला द्या.

मांडवीकर
नाही हो, हे मला पटत नाही. अलास्का हायवे हाच तर प्रवास! युद्धात, १९४२ मध्ये, आठ-नऊ महिन्यांत जंगलातून काढलेला रस्ता आहे तो, रस्ते बांधणाऱ्या माणसाला तो बघायचा नाही? लिअर्डच्या आसपास बायसन, म्हणजे तिकडचे रानगवे, रस्त्याच्या कडेने चाललेले असतात, गाडी थांबवून बसून राहावं लागतं, मन्चो तळ्याचं पाणी हिरवं-निळं, वॉटसन लेकला खांबांवर जगभरच्या गावांच्या पाट्यांचं रान आहे, एका घरच्या आठवणीने व्याकुळ झालेल्या अमेरिकन सैनिकाने १९४२ मध्ये पहिली पाटी लावली म्हणे, आम्ही तिथे बडोदा लिहिलेली पाटी ठोकून आलो. विमानातून यातलं काय दिसणार? आणि आजींनी सांगितलेलं गरम कुंड?

लष्करवाले
मांडवीकर, सगळं खरं. पण धागा कोणाचा आहे? काकांना जो रस्ता बघायचाय तो डेम्पस्टर. आठ दिवस व्हाइटहॉर्सपर्यंत जाण्यायेण्यात आणि तीनेक पुढे डॉसन सिटीपर्यंत घालवले की डेम्पस्टरला दहा उरतात, आणि दहा दिवसांत पाऊस दोन दिवस रोखणार, होडी एक दिवस रोखणार. मग घाई होते. घाईने तिथे काय होतं तेही त्या रस्त्याच्याच नावात आहे. डेम्पस्टर हे पोलिसाचं नाव. १९१०-११ च्या हिवाळ्यात फोर्ट मॅकफर्सनहून डॉसन सिटीला निघालेली चार पोलिसांची गस्त वाटेत हरवली. वेळेचा विक्रम करायचा म्हणून शिधा कमी घेतलेला, वाट चुकल्यावर परत फिरायला उशीर केला. चौघेही गेले. त्यांना शोधायला जो गेला तो जॅक डेम्पस्टर, त्याला मार्चमध्ये प्रेतं सापडली. मी सैन्यातला माणूस, अशा गोष्टी विसरत नाही.

मांडवीकर
ही गोष्ट माहीत नव्हती. आता काही बोलत नाही.

टायरवाला_भिया
मी पण लष्करवाले काकांच्या बाजूने. आणि एक सोय, जाताना डॉसनपर्यंत व्हॅन, पुढे वयस्कर माणसांनी विमानाने इनुविक, असं पण होतं का?

रामबागेची_लेक
होतं. व्हाइटहॉर्स आणि डॉसनहून इनुविकला विमान जातं. पण मग काकांचा रस्ताच गेला ना. उलट करा, जाताना सगळे गाडीने, येताना आई-बाबांना त्रास झाला असेल तर इनुविकहून ते विमानाने परत, तुम्ही गाडी घेऊन या. इनुविकला रुग्णालयही आहे, फोर्ट मॅकफर्सनला छोटं आरोग्यकेंद्र. मध्ये मात्र काही नाही आणि फोनही लागत नाही, उपग्रहावरून संदेश जाणारं छोटं यंत्र मिळतं ते भाड्याने घ्याच. त्यात आणीबाणीचं बटण असतं. प्रवासविमा घेताना आई-बाबांचं बीपी खरंखरं लिहा.

इंदूरी_चाक
चार दिवस लिहिलं नाही कारण घरात खल चालला होता. ठरलं असं. कॅलगरीला बहिणीकडे पाच दिवस, मग विमानाने व्हाइटहॉर्स, तिथून बारा-तेरा दिवसांची गाडी. अलास्का हायवेचा आम्ही फक्त व्हाइटहॉर्सजवळचा तुकडा बघणार. मांडवीकर, मला वाईट वाटतंय पण कुंड पुढच्या वेळी. आईने त्याच्यासाठी बहिणीकडून वचन घेतलंय की पुढच्या वर्षी ती स्वतः नेईल. डॉसन, टूमस्टोनला दोन मुक्काम, ईगल प्लेन्स, मॅकफर्सन, इनुविकला दोन-तीन, आणि हवा चांगली असेल तरच टुक. लष्करवाल्यांचा नियम वहीच्या पहिल्या पानावर बाबांनी स्वतःच्या हाताने लिहिलाय. आता बाबा बसलेत शेजारी, त्यांना काहीतरी विचारायचंय, त्यांनाच टाइप करू देतो.

इंदूरी_चाक
मी वडील लिहीत आहे. सर्वांस नमस्कार. आपण सर्वांनी फार मनापासून माहिती दिलीत. माझा प्रश्न रामबागच्या ताईंना. खडीच्या भरावाच्या कडेला, जिथे उतार संपतो, तिथे पाणी साचलेले दिसले का? आमच्याकडे रस्ता नेहमी कडेकडूनच खचतो. तिथेही कडेला साचलेले पाणी ऊब धरून खालचा बर्फ वितळवत असेल असे मला वाटते. तसेच इनुविक-टुक रस्त्याचे भरावकाम कोणत्या ऋतूत झाले हे कोणास ठाऊक आहे का?

रामबागेची_लेक
काका, नमस्कार. तुम्ही रामबागेत आलात तर माझं माहेर अजून तिथेच आहे. पाणी दिसलं, हो. बऱ्याच ठिकाणी कडेला डबकी आणि त्यांच्या बाजूला रस्त्याची कड लाटेसारखी वाकलेली. जिथे जमीन बसलीय तिथली झाडं सगळी वेगवेगळ्या दिशांना कलंडलेली असतात, इथे लोक त्याला दारू प्यायलेलं जंगल म्हणतात. तुमचं म्हणणं बरोबरच असणार. टुकचा रस्ता मुद्दाम हिवाळ्यात बांधला, जमीन घट्ट गोठलेली असताना, दोन्ही टोकांकडून, खाली कापड अंथरून वर भराव, कुठेही खोदकाम नाही. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये खुला झाला, १३८ किलोमीटर. आणि इनुविकमध्ये घरं खांबांवर आहेत, घराची ऊब जमिनीला लागू नये म्हणून, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइपही जमिनीवरून पेटीतून नेलेले. कुठल्याही गल्लीत वाकून बघता येतं.

इंदूरी_चाक
वडील. फार आभारी आहे. मोजायची टेप बरोबर घेतो. भरावाची जाडी कडेला मोजता आली तर येथे कळवीन.

मांडवीकर
काका, नक्की कळवा. आणि इंदूरी_चाक, व्हाइटहॉर्सच्या गाडीचा करार आला की इथे सांगा, काचेचा विमा वेगळा घ्यावा लागतो का ते मला बघायचंय.